उलटी चालणारी मगर

बंगळूर
५ ऑगस्ट २००४

चि. हेमास,

सातव्या मजल्यावरून आशीर्वाद पाठवतो आहे. पुण्यापर्यंत पोचतील अशी आशा आहे.

तुझी ई-मेल तेजसने ऑफिसात छापून घरी आणली. म्हणजे आधी त्याने वाचली, मग सूनबाईने वाचली आणि उरलीसुरली माझ्या हातात आली. माझ्या गुडघ्याची चौकशी एवढ्या लोकांनी करायची गरज नाही. यापुढे कागदावर पत्र लिहीत जा. फोनवर मी ओरडतो अशी घरातल्यांची तक्रार आहे, त्यामुळे तोही मार्ग बंद.

मुलाच्या नोकरीपायी सदाशिव पेठ सोडून इथे आलो. तेजस कॉम्प्युटरवर नेमके काय करतो ते मला समजत नाही आणि त्याला समजावता येत नाही, तेव्हा आमचे उत्तम चालले आहे. सोसायटीतली माणसे सभ्य आहेत. इतकी सभ्य, की भांडायलासुद्धा कोणी दार उघडत नाही. संध्याकाळी खाली बाकावर एक निवृत्त बँक मॅनेजर बसतात. मी गणेश मंडळाचा अकरा वर्षे अध्यक्ष होतो, असे त्यांना काल सांगितले. ते म्हणाले, "नाइस." पुढे काहीच नाही.

अशा माणसाला १९९७ चा गजेंद्रमोक्ष काय सांगणार? तू तेव्हा नोकरीच्या नावाखाली बघायला आली नाहीस, हे मी विसरलेलो नाही. हत्ती तळ्यात उतरतो, मगर त्याचा पाय धरते, हत्ती सोंडेने कमळ वर करतो आणि आकाशातून विष्णू चक्र घेऊन उतरतात. सगळे मोटारींवर. बाकीच्या मंडळांचे हलते देखावे वीज गेली की कोलमडायचे. वीज आली, की मेलेला रावण उठून पुन्हा सीतेला पळवायला निघायचा. आमचा देखावा दहा दिवसांत एकदाही चुकला नाही की थांबला नाही. पेठेत पहिला क्रमांक. यामागची करामत मात्र तुलाही सांगणार नाही, ती मंडळाची आहे. वर्तमानपत्रातले कात्रण मी प्लॅस्टिकमध्ये बंद करून बरोबर आणले आहे.

तुझी काकू द्वारका विचारते आहे, हेमा पेटंटची वकील म्हणजे पेटंट औषधांची का? मी तिला सविस्तर समजावले. आता मला कोणीतरी समजावायला हवे.

तुझा
यज्ञेश्वरकाका


पुणे
२२ ऑगस्ट २००४

ती. काकांना नमस्कार,

हाताने लिहिते आहे, तेव्हा अक्षराबद्दल तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

काकूला सांगा, औषधांशी माझा संबंध फक्त डोकेदुखीपुरता येतो. एखाद्याने नवी वस्तू शोधली, सरकारने ती काही वर्षं फक्त त्याची म्हणून मान्य केली, तर ते पेटंट. मग दुसरा कोणीतरी तीच वस्तू खुशाल बनवायला लागतो आणि भांडण सुरू होतं. तिथे मी येते. इंजिनिअर होऊन भोसरीतली बरी नोकरी सोडली आणि संध्याकाळच्या कॉलेजात वकिली शिकले, तेव्हा आईने तोंड पाडलं होतं. ते अजून पूर्ण वर आलेलं नाही.

माझं ऑफिस सदाशिव पेठेतच आहे, खाली स्कॉलरशिपचा क्लास. मी फोनवर कोणाला तरी धमकी देत असते आणि खालून पोरं एका सुरात पाढे म्हणत असतात. पहिल्यांदा पेटंटचा दावा घेऊन कोर्टात उभी राहिले तेव्हा न्यायाधीशांनी सगळे कागद उलटून पाहिले आणि विचारलं, "मॅडम, यात जागा कुठली आहे?" शिवाजीनगरच्या कोर्टात भांडण म्हटलं की जागेचंच असतं. मी म्हटलं, सर, ही जागा डोक्यातली आहे. ते हसले नाहीत, पण पुढची तारीख लवकर दिली.

आता खरी बातमी. माझ्याकडे एक मोठा दावा आला आहे. अशिलाचं नाव आणि वस्तू सांगणार नाही, तुम्ही बाकावर सांगाल. एक लहान कारखानदार आहे. त्याच्या भावांनी गावाकडची जमीन बिल्डरला देऊन टाकली, याने आपल्या तुकड्यावर शेड घातली आणि स्वतःच्या शोधावर पंधरा-वीस माणसं कामाला लावली. दिल्लीकडची एक बडी कंपनी तीच वस्तू आपल्या यंत्रांत बसवून विकते आहे. आम्ही दावा केला, तर ते म्हणतात पेटंटच रद्द करा. ते रद्द झालं तर शेडही बिल्डरकडे जाईल. तो कुंपणाशी उभाच आहे.

आमच्या कायद्यातली सगळ्यात क्रूर अट म्हणजे नवेपणा. अर्ज करण्याआधी तुम्हीच ती वस्तू चारचौघांत वापरलीत, तर ती नवी राहत नाही. मग शोध तुमचा असला तरी उपयोग नाही. एक लहानशी खिडकी आहे. आधीच्या वर्षभरात, केवळ चाचणी म्हणून वापरली असेल, आणि ती चाचणी लोकांत घेतल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर चालतं. या खिडकीतून आजवर फार थोडे लोक आत शिरले आहेत. आमच्या अशिलाला सुदैवाने तिची गरज नाही.

तुमची करामत तुमच्यापाशी ठेवा. मी माझी ठेवते.

हेमा


बंगळूर
१० जानेवारी २००५

चि. हेमास,

पुण्याबाहेर कदर करणारी माणसे आहेत, हे मान्य करून आशीर्वाद देतो.

परवा ऋषी नावाचा एक तरुण वकील मुंबईहून मुद्दाम मला भेटायला आला. चप्पल बाहेर काढली, द्वारकेला नमस्कार केला, दोन थालीपिठे खाल्ली आणि म्हणाला, "सर, मला तुमच्या गजेंद्रमोक्षाबद्दल ऐकायचं आहे." हेमा, मी खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतली. त्याच्याकडे त्या कात्रणाची प्रत होती. त्याने ती कुठल्याशा ग्रंथालयात धूळ खात शोधली होती. याला म्हणतात अभ्यास.

मी पहिल्यापासून सगळे सांगितले. मंडळाची करामतही सांगितली, आता कोण विचारतो म्हणून. धायरीचा मच्छिंद्र पोकळे म्हणून डिप्लोमा झालेला एक मुलगा होता. त्याने एक पेटी बनवली होती. वीज गेली, की कुठली मोटार कुठवर आली होती ते ती पेटी लक्षात ठेवी, आणि वीज आली की देखावा तिथून पुढे सुरू होई. ऋषीने विचारले, पेटी पूर्ण तयार होती का? मी म्हटले, तयार म्हणजे काय, दहा दिवसांत एकदाही थांबली नाही आणि अख्ख्या पुण्याने पाहिली. त्याने ते टाइप करून आणले आणि मी प्रत्येक पानावर सही केली. आता पुण्यात शपथेवर साक्ष द्यायला बोलावणार आहेत. मंडळातल्या जुन्या चौघांना कळवले आहे, ऐकायला या म्हणून.

कसला दावा ते मी खोलात विचारले नाही. तुझ्याच धंद्यातले काहीतरी आहे. ऋषीला तुझे नाव सांगणार होतो, पण थालीपीठ करपल्याने राहून गेले.

यज्ञेश्वरकाका


पुणे
१७ जानेवारी २००५

ती. काका,

नमस्कार करते आणि मग डोक्याला हात लावते.

माझा अशील मच्छिंद्र पोकळे आहे. ती पेटी म्हणजेच आमचं पेटंट. गणपती सत्त्याण्णवच्या सप्टेंबरातले आणि अर्ज पुढच्या मे महिन्यातला. तुम्ही सही केलीत ती पेटंट रद्द करण्यासाठी. तुम्ही मंडळाचं गुपित पाळलंत, मी अशिलाचं पाळलं, आणि दोघांनी मिळून बिल्डरला कुंपणाच्या आत घेतलं.

काल मच्छिंद्रला समोर बसवून विचारलं की देखाव्याचं मला का नाही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, त्यो तर गणपतीचा देखावा व्हता. इकली का मी पेटी कुणाला?" त्याच्या हिशेबी विकलं नाही म्हणजे दाखवलंही नाही. असं मानणारे त्याच्यासारखे खूप आहेत, आणि प्रत्येकाला वाटतं वकिलाने विचारायला हवं होतं. खरं म्हणजे मी विचारायलाच हवं होतं.

आता नीट वाचा. तुम्ही समोरच्यांचे साक्षीदार आहात आणि माझे काका आहात. तुम्ही काय बोलावं हे मी सांगायचं नाही आणि तुम्ही मला विचारायचं नाही. आपलं नातं मी आजच कोर्टाला कळवते आहे, या पत्राची प्रत ऋषीला देते आहे आणि आधीची पत्रं त्याला हवी असतील तर तीही देईन. तुमची उलटतपासणी माझी सहकारी शेफाली घेईल. मी खोलीत नसेन. साक्ष होईपर्यंत आपला पत्रव्यवहार बंद.

मला तुमचा राग आला आहे आणि तुमची आठवणही येते आहे. दोन्ही एकदम.

हेमा


बंगळूर
२ फेब्रुवारी २००५

हेमास,

बंद म्हणालीस, तरी हे एक उत्तर देणे भाग आहे. याचीही प्रत ऋषीला दे, मला भीती नाही.

मी कोणाच्या बाजूचा नाही. मला विचारले, मी सांगितले. देखावा एकदाही थांबला नाही. अधूनमधून पडदा ओढावा लागे तो आरतीसाठी. आता पुतणीच्या अशिलासाठी मी पहिला नंबर परत करू का? माझ्या आयुष्यात वर्तमानपत्रात नाव आले ते एकदाच. चाळीस वर्षे पोस्टात शिक्के मारले, त्याचे कात्रण कोणी छापले नाही.

मच्छिंद्र मला चांगला आठवतो. धायरीहून सायकलवर यायचा आणि पेटी मांडीवर घेऊन हत्तीच्या पोटाखाली बसायचा. त्याचे वाईट व्हावे असे मला वाटत नाही. पण मी जे छापून आणले आहे, तेच शपथेवर सांगणार.

य. वि. आठल्ये


बंगळूर
२४ नोव्हेंबर २००५

चि. हेमास,

आता बंदी उठली, असे धरून चालतो आणि थकलेले आशीर्वाद देतो. तू बाहेर व्हरांड्यात येरझारा घालत होतीस, ते काचेतून दिसत होते. आत काय झाले ते शेफालीने सांगितले असेलच. पण ती वकिली भाषेत सांगणार. माझे माझ्याकडून ऐक.

मी नवा सदरा घालून आलो होतो. मागच्या खुर्च्यांवर मंडळाचे चौघे कार्यकर्ते बसले होते, मीच बोलावलेले. साक्ष नोंदवायला उच्च न्यायालयाने कमिशनर म्हणून नेमलेले निवृत्त न्यायाधीश मायाळू दिसत होते. दारात मच्छिंद्र भेटला. त्याचे केस कानांवर पांढरे झाले आहेत. मी त्याच्या विरुद्ध बोलायला आलो आहे हे ठाऊक असून त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, गुडघा बरा हाय का आता?" गुडघ्याचे त्याला कोणी सांगितले ते तू मला नंतर सांग. तू सांगितले नसावेस, कारण तू सध्या फार नियमाने वागतेस.

ऋषीने मला कात्रण वाचायला लावले. मी ठणठणीत आवाजात वाचले, "एकदाही थांबला नाही." मागून चौघांपैकी एकजण खोकला. मग शेफाली उठली. लहानखुरी मुलगी, पण बोलताना डोळे हलत नाहीत तिचे. तिने एकच विचारले. "यंत्र एकदाही थांबलं नाही, मग मच्छिंद्र रोज मांडवात कशासाठी येत होते?"

माझे उत्तर तयार होते. प्रसादाला, असे म्हणायचे ठरवले होते. गाडीत पाठ केले होते. पण मी त्याच्याकडे पाहिले. तो रागावला नव्हता, नुसता खाली बघत बसला होता, हत्तीच्या पोटाखाली बसायचा तसा. पहिल्या दिवशी वीज परत आली आणि मगर हत्तीचा पाय सोडून उलटी चालत तळ्याबाहेर निघाली, तेव्हा समोरची पोरे टाळ्या वाजवत होती आणि हा आत डोके धरून बसला होता. तिसऱ्या दिवशी विष्णू अर्ध्यात लोंबकळले, ते आरतीपर्यंत खाली आले नाहीत. मी पडदा ओढायचो, लाउडस्पीकरवर हरवलेल्या मुलांची नावे पुकारायचो, मुले हरवलेली नसली तरी. आणि हा रोज पेटी घरी न्यायचा, रोज नवे काहीतरी जोडून आणायचा. हेमा, मला त्याची दया आली नाही. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तो मी आठ वर्षे माझ्या नावावर लावला होता हेही दिसले.

मी म्हटले, "बंद पडत होतं. रोज बंद पडत होतं. म्हणून तर तो रोज येत होता."

ऋषी ताडकन उठला. कमिशनरसाहेबांनी मला शपथेची आठवण करून दिली. मी म्हटले, तीच आठवली म्हणून सांगतो आहे. मग ऋषीने विचारले, वर्तमानपत्रात वेगळे कसे? मी म्हटले, मंडळाचा अध्यक्ष बातमीदाराला आणखी काय सांगणार? कमिशनरसाहेब हसले. ते लिहून घेणाऱ्या बाईंना म्हणाले, हे हसू नोंदवू नका.

शेफालीने पुढे विचारले, ही चाचणी धायरीच्या शेडमध्ये घेता आली नसती का? मी म्हटले, बाई, तिथे तशी वीज कुठली? एका तारेवर चार मंडळे, प्रत्येकाच्या दिव्यांच्या हजारांनी माळा, वरून पाऊस, आणि कोणाची आरती लागली की आमच्या गल्लीचे दिवे डोळे मिटतात. गणपतीतली वीज गणपतीतच मिळते. सातव्या दिवशी मगर पहिल्यांदा पुढे चालली. अखेरचे चार दिवस पेटी खरोखर थांबली नाही, आणि परीक्षक नवव्या दिवशी आले. पहिला क्रमांक आमचाच, त्यात एक अक्षर खोटे नाही.

बाहेर आलो तेव्हा चौघांकडे बघायचे धाडस होईना. त्यातला थोरला म्हणाला, "अध्यक्ष, आम्हाला काय नवीन सांगताय? पडद्याची दोरी आमच्याच हातात होती." मग आम्ही चहा घेतला. मी पोरासारखा रडलो आणि मग दोन वडापाव खाल्ले.

तुझे ऑगस्टचे पत्र मी आदल्या दिवशीही काढले होते. त्यातल्या खिडकीवर किती तरी वेळ नजर अडकली. तरी प्रसादाचे उत्तर पाठ केलेच होते. हेही तू कोणाला सांगायचे तर सांग.

यज्ञेश्वरकाका


पुणे
१९ जुलै २००७

ती. काका,

नमस्कार, आणि तुम्ही बसलेले नसाल तर बसा.

निकाल लागला. पेटंट कायम. उच्च न्यायालयाने म्हटलं आहे की तो देखावा नव्हता, ती चाचणी होती आणि ती लोकांतच होऊ शकत होती. खिडकीतून आम्ही आत शिरलो. बड्या कंपनीने आता मच्छिंद्रशी बोलणी सुरू केली आहेत, त्याच्याच अटींवर. बिल्डर कुंपणापासून निघून गेला.

निकालपत्रात तुमचं वाक्य जसंच्या तसं आहे. "रोज बंद पडत होतं, म्हणून तर तो रोज येत होता." त्याच्या खाली न्यायमूर्तींनी लिहिलं आहे की चाचणी म्हणजे काय हे याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. मगरीचाही उल्लेख आहे. आता कुठलाही वकील या कलमावर बोलायला उभा राहिला की त्याला तुमची मगर वाचावी लागेल. परवा ऋषी भेटला. तो म्हणाला, थालीपीठ मात्र अप्रतिम होतं.

त्या दिवशी व्हरांड्यात शेफालीने येऊन सांगितलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले. जिंकू म्हणून नाही. तुम्हाला ते कात्रण किती प्रिय आहे हे तुमच्या फेब्रुवारीच्या पत्रात मी वाचलं होतं. काका, मी गजेंद्रमोक्ष बघायला आले नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं. गुडघ्याचं मच्छिंद्रला मीच सांगितलं होतं. तो तुमची चौकशी करत असे आणि एवढं सांगायला नियम आड येत नाही.

या वर्षी मंडळ गजेंद्रमोक्ष पुन्हा करतं आहे, दहा वर्षं झाली म्हणून. पेटी मच्छिंद्रची, अगदी नव्यातली. पडदा तुम्हीच उघडायचा असं सगळ्यांनी ठरवलं आहे. काकूलाही आणा. मी पहिल्या रांगेत उभी असेन.

हेमा


बंगळूर
३० जुलै २००७

चि. हेमास,

बसूनच आशीर्वाद देतो आहे.

निकालपत्राचे ते पान मी प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतले. कात्रणाच्या जागी ते लावले आहे. कात्रण फेकले नाही, मागे ठेवले आहे. काल बँक मॅनेजरांना दाखवले. त्यांनी दोनदा वाचले, मग म्हणाले, "ही मगर नक्की कशी चालायची?" आम्ही अंधार पडेपर्यंत बोलत होतो. तीन वर्षांत हा माणूस पहिल्यांदा मनमोकळा हसला. न्यायमूर्तींनी पहिल्या क्रमांकाचा उल्लेख केलेला नाही, एवढे एक राहिले. त्यावर अपील करता येते का ते बघून ठेव.

येतो आहोत. तेजसने दोघांची तिकिटे काढली आणि तोही सुट्टी टाकून येणार म्हणतो. बाप काय करायचा ते त्याला बघायचे आहे म्हणे.

मच्छिंद्रला एक निरोप दे. नव्या पेटीत त्याने काय सुधारणा केल्या असतील त्या ठीक, पण सहाव्या दिवसापर्यंत मगर रोज एकदा तरी उलटी चालली पाहिजे. मी शपथेवर सांगितले आहे आणि आता ते उच्च न्यायालयात छापले गेले आहे. पडदा मी ओढणार नाही. लोकांना बघू दे.

तुझा
यज्ञेश्वरकाका